रांगेचं गणित : प्रस्तावना

शनिवारी सकाळी मुंबईहून पुण्याला निघालेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पनवेल मागे पडलेलं असतं, घाट अजून लांब असतो, तीन लेनचा सपाट रस्ता समोर पसरलेला असतो. आणि एकाएकी पुढच्या गाड्यांचे मागचे दिवे लाल होतात. आपण ब्रेक दाबतो. शंभराचा वेग चाळिसावर येतो, चाळिसाचा शून्यावर. "पुढे अपघात झालाय वाटतं," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं. पाच-सात मिनिटं पहिल्या गिअरमध्ये रखडत पुढे सरकलो की रस्ता जसा बंद झाला होता तसाच उघडतो. सगळे जण काचेतून डावी-उजवीकडे बघतात. उलटलेला ट्रक नाही, फुटलेल्या काचा नाहीत, पोलिसांची गाडी नाही, साधा खड्डासुद्धा नाही. मग आपण थांबलो कशासाठी?

या प्रश्नाच्या मागे गेली सत्तर वर्षं गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि वाहतूक अभियंते लागले आहेत. त्यांना सापडलेलं उत्तर ऐकायला सोपं आणि पचायला अवघड आहे. थांबायला दर वेळी कारण लागतंच असं नाही. रस्त्यावर पुरेशी दाटी असेल, तर नेहमीसारखी, शहाण्यासारखी गाडी चालवणारी माणसंच मिळून कोंडी तयार करतात. त्यात कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. बिघाड असतो तो पुढची गाडी आणि मागची गाडी यांच्यातल्या नात्यात, आणि हे नातं समीकरणात मांडता येतं.

जपानमधल्या नागोया इथे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. त्यांचा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. सपाट जमिनीवर २३० मीटर परिघाचं वर्तुळ आखलं, त्यावर २२ गाड्या सारख्या अंतरावर उभ्या केल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी तीसच्या आसपास वेग ठेवा, पुढच्या गाडीला धक्का न लावता फिरत राहा. चढ नाही, सिग्नल नाही, लेन बदलायला जागा नाही. प्रत्येक गाडीच्या वाट्याला साडेदहा मीटर रस्ता, त्यात तिची स्वतःची लांबीही आली. सुरुवातीला वर्तुळ छान फिरत होतं. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित हळू झालं, मागच्याने त्याहून थोडा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने आणखी थोडा, आणि बघता बघता काही गाड्या पूर्ण थांबल्या. थांबलेल्यांचा तो पुंजका एका जागी राहिला नाही. पुढून एक गाडी सुटत होती, मागून एक येऊन चिकटत होती, त्यामुळे पुंजका गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिला.

हा आकडा कुठून येतो ते घरबसल्या काढता येतं. थांबलेल्या रांगेत एक गाडी, पुढच्या मोकळ्या जागेसकट, साधारण साडेसात मीटर अडवते. पुढची सुटल्यावर मागची सुटायला साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे सुटण्याची बातमी दीड सेकंदात साडेसात मीटर मागे पोचते. सेकंदाला पाच मीटर, ताशी अठरा किलोमीटर. निरनिराळ्या देशांतल्या हायवेंवर या लाटेचा वेग मोजला गेला आहे आणि तो ताशी पंधरा ते वीसच्या घरातच येतो. गाड्या बदलल्या, इंजिनं बदलली, हा वेग फारसा बदलला नाही, कारण तो गाडीच्या लांबीतून आणि माणसाच्या प्रतिसादातून आलेला आहे.

या विषयाकडे बघायच्या दोन जागा आहेत. एक उंचावरची, जिथून गाड्या सुट्या दिसत नाहीत, वाहणारा प्रवाह दिसतो. दुसरी चालकाच्या सीटवरची, जिथून फक्त पुढच्या गाडीची पाठ दिसते. विषयाचा बराचसा इतिहास म्हणजे या दोन जागांमधलं भांडण आणि अधूनमधून झालेला समेट.

उंचावरून बघायला सुरुवात केली ती ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रस्त्याकडेला कॅमेरा लावून त्यांनी गाड्यांचे फोटो घेतले आणि १९३५ साली एक साधा संबंध मांडला: दाटी वाढते तसा वेग सरळ रेषेत उतरतो. मोजमापं मोजकीच होती आणि रेषा खरी सरळ नसते हे पुढे कळलं. पण त्यातून निघालेली एक गोष्ट टिकली. रस्ता जास्तीत जास्त गाड्या वाहतो तो रिकामा असताना नाही आणि गच्च भरल्यावरही नाही, मधल्या कुठल्यातरी दाटीला. ती पार झाली की रस्त्यावर गाड्या वाढतात आणि पलीकडे पोचणाऱ्या गाड्या कमी होतात.

वीस वर्षांनी, १९५५ मध्ये, इंग्लंडमध्ये जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम यांनी एकापाठोपाठ दोन निबंध लिहिले. पहिला लांब नद्यांमधल्या पुराविषयी, दुसरा लांब, गजबजलेल्या रस्त्यांवरच्या वाहतुकीविषयी. गणित एकच. कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीत पाणी कधी चढणार याची काळजी ज्यांनी केली आहे, त्यांना ते चटकन समजेल. पाणी एका वेगाने वाहतं आणि फुगवट्याची लाट वेगळ्याच वेगाने पुढे येते. नदीत लाट पाण्याच्या पुढे धावते. रस्त्यावर ती गाड्यांच्या मागे पडते आणि दाटी वाढली की चक्क उलटी फिरते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॉल रिचर्ड्स स्वतंत्रपणे तिथेच पोचले, म्हणून या सिद्धान्ताला तिघांचं नाव मिळालं. सिग्नलमागे रांग किती वाढेल, लेन बंद केली तर खोळंबा किती मागे जाईल, यासाठी आजही तो पहिल्यांदा हाताशी घ्यावा असा आहे. मात्र त्यात एक उणीव आहे. या सिद्धान्तातली लाट आपणहून जन्मत नाही. आधी असलेला फरक ती फक्त वाहून नेते. नागोयाचं वर्तुळ या समीकरणात टाकलं तर ते कायम छान फिरत राहील.

ही उणीव भरून काढायला सीटवर उतरावं लागलं. लुई पाइप्स यांनी १९५३ मध्ये पाठोपाठच्या गाड्यांचं गणित मांडलं होतं, पण खरा जोर आला तो जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतून. तिथे रॉबर्ट हर्मन होते. विश्वाच्या जन्मापासून उरलेलं प्रारण आज सुमारे ५ केल्विन तापमानाचं असावं असं राल्फ आल्फर यांच्यासह १९४८ मध्ये लिहिणारे हेच ते हर्मन. त्यांच्या गटाने चाचणीच्या रस्त्यावर दोन गाड्या रिळावरच्या तारेने जोडल्या, म्हणजे मधलं अंतर क्षणाक्षणाला नोंदलं जाईल, आणि मागच्या चालकाला सांगितलं, नेहमी चालवतोस तसं चालव. निघालेला नियम असा: चालक मुख्यतः पुढच्या गाडीच्या आणि आपल्या वेगातल्या फरकाला प्रतिसाद देतो, आणि तो प्रतिसाद थोड्या उशिरा येतो. नियमात दोनच संख्या आहेत. एक विलंब, सेकंदांत. दुसरी संवेदनशीलता, म्हणजे वेगातल्या फरकासाठी पाय किती जोरात पडतो.

या दोन संख्यांचा गुणाकार हा या पुस्तकाचा कणा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. समजा विलंब दीड सेकंदाचा आहे आणि पुढची गाडी ताशी १० किलोमीटरने मंद झाली की मागचा चालक दर सेकंदाला ताशी ४ किलोमीटर या दराने वेग उतरवतो. संवेदनशीलता ०.४, गुणाकार ०.६. हर्मन यांच्या गटाच्या १९५८ आणि १९५९ च्या निबंधांतलं गणित सांगतं की गुणाकार सुमारे १.५७ च्या खाली असेपर्यंत दोन गाड्यांची जोडी सुरक्षित आहे. मागची थोडी पुढे-मागे हेलकावे खाईल, मग स्थिरावेल. पण जोडीऐवजी लांब रांग असेल तर मर्यादा ०.५ ची. तिच्यावर गेलं की पहिल्या गाडीने केलेली छोटी चूक दुसरीकडे थोडी मोठी होऊन पोचते, तिसरीकडे आणखी मोठी, आणि तिसाव्या गाडीला थांबावं लागतं. आपले चालक ०.६ वर आहेत. म्हणजे प्रत्येक जण आपल्यापुरता व्यवस्थित चालवतो आहे, पुढच्याला कुणी धडकत नाही, आणि रांग मात्र बिघडलेली आहे. जोडीची स्थिरता आणि रांगेची स्थिरता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मला या विषयात याहून मोलाचं काही सापडलेलं नाही. ज्याने ब्रेक लावला त्याला त्याचा परिणाम कधीच दिसत नाही. तो तर कधीच पुढे निघून गेलेला असतो.

यानंतरची मॉडेलं भराभर येतात. पीटर गिप्स यांनी १९८१ मध्ये सुरक्षित अंतराच्या हिशेबावर नियम बांधला. कार्ल्सरूहच्या राइनर वीडेमान यांनी त्याआधीच, १९७४ मध्ये, माणसाला लहान फरक कळतच नाहीत या साध्या निरीक्षणावर मॉडेल उभं केलं होतं: फरक एका उंबरठ्याच्या पलीकडे गेल्याशिवाय पाय हलत नाही. १९९५ मध्ये मासाको बांदो आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की प्रत्येक अंतराला चालकाच्या मनात एक हवासा वेग असतो आणि तो त्या वेगाकडे ओढला जातो. त्यांच्या मॉडेलमधून एक फार सुंदर गोष्ट निघते. मोकळ्या रस्त्यावर अंतर थोडं कमी-जास्त झाल्याने हवासा वेग बदलत नाही. मुंगीच्या पावलांनी सरकतानाही तसंच. अस्थिरता राहते ती मधल्या पट्ट्यात, जिथे अंतर जरा कमी झालं की वेग बराच उतरवावा लागतो. पावसाळी रविवारी लोणावळ्याहून परतणाऱ्यांचा संध्याकाळचा सगळा वेळ याच पट्ट्यात जातो.

इथे नवख्या वाचकाचा गोंधळ होतो, माझाही बराच काळ होत असे. जनरल मोटर्सचं मॉडेल म्हणतं, जोरात प्रतिसाद देऊ नका. बांदो यांचं मॉडेल म्हणतं, सुस्त प्रतिसाद देऊ नका. दोन्ही खरं आहे. ज्याला उशिरा कळतं त्याने हलक्या पायाने चालवावं, ज्याला लगेच कळतं त्याने लगेच जुळवून घ्यावं. रांग बिघडते ती उशीर आणि जोर एकत्र आल्यावर. मोबाइलवरून नजर उचलून करकचून ब्रेक लावणारा चालक हे दोन्ही एकाच वेळी करतो.

उंचावरून बघणारे दरम्यान गप्प नव्हते. सत्तरच्या दशकात त्यांनी आपल्या समीकरणात चालकाचा विलंब आणला आणि लाटा आपणहून उठू लागल्या. पण १९९५ मध्ये कार्लोस डगॅन्झो यांनी या प्रयत्नाला श्रद्धांजली वाहणारा निबंध लिहिला, शीर्षकासकट. त्यांचा आक्षेप असा की पाण्याच्या कणाला चहूबाजूंनी धक्के बसतात, चालक मात्र पुढे बघून चालवतो; हा फरक विसरल्याने समीकरणातल्या काही गाड्या रांगेच्या शेपटाशी रिव्हर्समध्ये जाऊ लागतात. पाच वर्षांनी आव आणि रास्क्ल या दोघांनी दोष नेमका शोधून समीकरण दुरुस्त केलं आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकात पुनरुत्थान हा शब्द घातला. गणितातली एखादी संज्ञा रस्त्यावरच्या माणसाशी प्रामाणिक आहे का, यावर इतकं चुरशीने भांडणारा विषय मला फार जवळचा वाटतो. जर्मनीत बोरिस केर्नर यांनी वाहतुकीच्या दोन नव्हे तर तीन अवस्था असतात असं मांडलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि या पुस्तकात त्याला एका प्रकरणापुरतीच जागा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. 'कारणाशिवाय कोंडी' ही कल्पना इतकी मोहक आहे की प्रत्येक कोंडी तशीच असते असं वाटू लागतं. तसं नाही. बहुतेक कोंड्या अडथळ्याशीच सुरू होतात: बाजूचा रस्ता येऊन मिळतो तिथे, तीन लेनच्या दोन होतात तिथे, चढावर भरलेला ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करत रेंगाळतो तिथे. जागा अडथळा ठरवतो. तिथून निघालेली लाट मागे जाताना विरणार की फुगणार, हे चालक ठरवतात. आणि एकदा प्रवाह मोडला की त्याच जागेतून सुटणाऱ्या गाड्याही साधारण ५ ते १५ टक्क्यांनी कमी होतात. म्हणून प्रवाह मोडू न देणं हे मोडल्यावर सावरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या बोगद्यांत लेस्ली एडी आणि रॉबर्ट फूट यांनी गाड्या मुद्दाम थोडं थांबवून, गटागटाने सोडून पाहिल्या. आत कमी सोडल्या आणि तासाला जास्त बाहेर पडल्या. खंडाळ्याच्या घाटात गर्दीच्या दिवशी महामार्ग पोलिस ब्लॉक घेतात, त्याचा राग करणाऱ्यांनी पुस्तकातलं याविषयीचं प्रकरण आधी वाचावं अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या रस्त्यांचा प्रश्न. वर सांगितलेलं, सीटवरून बघणारं प्रत्येक मॉडेल एक गोष्ट गृहीत धरतं: माझ्या पुढे एक गाडी आहे. पुण्यात संध्याकाळी सिंहगड रोडला स्टिअरिंगमागे बसून पाहा. समोर अर्धी रिक्षा, उजवीकडे पीएमपीच्या बसचा मागचा कोपरा, मधल्या फटीत दोन स्कूटर, आणि तिसरी डावीकडून कट मारून येतेच आहे. यातल्या कुणाच्या मागे मी आहे? सिग्नल लाल असताना दुचाक्या गाड्यांच्या फटींतून झिरपत पुढे येतात आणि झेब्रा पट्ट्यावर जमतात. हिरवा लागला की आधी तो थवा उडतो, मग रिक्षा, मग कार, शेवटी बस. इथे रांग नाही, गाळणी आहे. किलोमीटरमागे किती गाड्या हे दाटीचं माप इथे कोलमडतं, कारण बस आणि स्कूटर यांना एकाच तागडीत तोलता येत नाही.

आपल्याकडच्या संशोधकांनी यावर मनापासून काम केलं आहे. प्रत्येक वाहनाला कारच्या पटीत मोजायची पद्धत जुनीच आहे. पुढे गाड्यांच्या संख्येऐवजी रस्त्याचं किती क्षेत्रफळ किती वेळ झाकलं गेलं हे मोजणं आलं. वाहतूक सच्छिद्र खडकातून झिरपणाऱ्या पाण्यासारखी आहे असं मानून २०११ मध्ये एक मॉडेल मांडलं गेलं. चेन्नईतल्या एका पुलावर चित्रण करून प्रत्येक वाहनाचा मार्ग नोंदला गेला आणि २०१५ मध्ये तो सगळ्या संशोधकांना उपलब्ध झाला. आयआयटी मुंबईत मिश्र वाहतुकीसाठी संगणकीय सिम्युलेशन तयार झालं. २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची स्वतंत्र नियमपुस्तिका आली. पण यातलं बरंचसं काम क्षमतेचं आहे. स्थिरतेचा प्रश्न, म्हणजे लेन न पाळल्याने लाट विरते की फुगते, हा अजून खुला आहे. एका बाजूने, फट दिसली की ती भरली जाते, त्यामुळे लाट गिळणारं अंतरच उरत नाही. दुसऱ्या बाजूने, ब्रेक न लावता बाजूला सरकता येतं, त्यामुळे लाटेला मागे जायला सलग रांग मिळत नाही. माझ्या मते शहरात दुसरं आणि हायवेवर पहिलं वरचढ ठरतं. तरुण संशोधकांनी हे मोजून मला खोटं ठरवलं तरी मला आनंद होईल.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण आता पुढच्या गाडीकडे बघणारा दर वेळी माणूस असेलच असं नाही. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही आला आहे. यंत्र म्हणजे विलंब नाही, म्हणजे लाट नाही, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या सात गाड्यांवर चाचण्या घेतल्या, त्यांचे निष्कर्ष २०२० च्या सुमारास आले: सातही गाड्यांमधली यंत्रणा लाट वाढवत होती. जोडीची स्थिरता साधली होती, रांगेची राहून गेली होती. उलट ॲरिझोनातल्या टूसॉन इथे नागोयासारख्याच वर्तुळात विसाच्या आसपास गाड्यांमध्ये एकच गाडी विचारपूर्वक, संथ वेगाने चालवली गेली आणि लाट विरून गेली. हा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलजवळच्या चालू हायवेवर अशा शंभर गाड्या उतरवून पाहिल्या गेल्या. म्हणजे यंत्रात कोणतं समीकरण भरायचं यावर उद्याचे हायवे वाहतील की तुंबतील हे ठरणार आहे. ते समीकरण आपल्या रस्त्यांवर मोजलेल्या आकड्यांवरून भरलं जावं, अशी माझी तळमळ आहे.

पुस्तक लिहिताना तीन वाचक डोळ्यांसमोर होते: अभियांत्रिकी किंवा गणिताचा पदवीचा विद्यार्थी, वाहतूक शाखेतला अधिकारी, आणि रोज दोन तास स्टिअरिंगमागे काढणारा जिज्ञासू माणूस. बारावीचं कलनशास्त्र पुरेल. विलंबाचं समीकरण एकदाच, पण सावकाश सोडवलं आहे. सिग्नलच्या वेळा, मार्गांची निवड, पार्किंग हे विषय घेतलेले नाहीत. त्यांना स्वतंत्र पुस्तकं हवीत. संज्ञांच्या बाबतीत रस्त्यावर रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. लेन, गॅप, ब्रेक, ओव्हरटेक यांना पर्याय शोधले नाहीत. घनता, प्रवाह, स्थिरता हे शब्द पाठ्यपुस्तकांत आहेतच.

'मी अंतर ठेवलं की त्यात कुणीतरी घुसतंच, मग कशाला ठेवायचं?' हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. हिशेब करा. एक गाडी पुढे घुसली की आपण सुमारे दोन सेकंद मागे पडतो. तासाभरात दहा जण घुसले तर वीस सेकंद.

एक सूचना. नागेल आणि श्रेकेनबर्ग यांचं १९९२ चं मॉडेल तिसऱ्या प्रकरणात येतं. ते वाचण्याआधी चौकडीची वही, दहा चिंचोके आणि एक फासा घेऊन बसा. चाळीस चौकटींचा गोल रस्ता आखा, प्रत्येक चिंचोका म्हणजे एक गाडी, एक चौकट म्हणजे साडेसात मीटर. प्रत्येक फेरीत गाडीचा वेग एकाने वाढवा, पाचाच्या वर नको. पुढच्या गाडीपर्यंत जितक्या चौकटी रिकाम्या असतील तितक्यावर उतरवा. मग फासा टाका. एक पडला तर वेग आणखी एकाने कमी. सगळ्यांचे वेग ठरले की सगळ्या गाड्या एकदम पुढे न्या. अशा वीस-पंचवीस फेऱ्या हाताने करा, दर फेरीची ओळ आधीच्या ओळीखाली काढा, आणि लाट वहीवर कोणत्या बाजूला सरकते ते पाहून मगच पान उलटा.